बिनगाईची किटली

आमच्या घराचा इतिहास आबा, म्हणजे माझे वडील, गायींवरून सांगत. माझ्या जन्माचे साल त्यांना कधीच नीट सांगता आले नाही. गोठ्यातली पहिली तांबडी दुसऱ्यांदा व्याली त्या पावसाळ्यात मी झालो, हे मात्र ते ठामपणे सांगत. बहिणीचे लग्न त्या तांबडीच्या लेकीच्या काळातले, माझी बारामतीतली नोकरी तिच्या नातीच्या. प्रत्येकीच्या कपाळावर पांढरा चांद. त्यांची पिढी आणि आमची पिढी एकाच दावणीला बांधलेली होती.

आई गेल्यावर त्या वंशातली शेवटची तांबडी मी आबांना विकायला लावली. ती गाभण होती. "ह्या वयात शेणघाण कशाला, आता आराम करा," असे मी फार मायेने म्हणालो होतो. माया खरी होती. त्यांना विचारणे तेवढे राहून गेले. गाय पळसदेवच्या एका कुटुंबाने नेली. काटेवाडीच्या घरात मी मोठा टीव्ही बसवला, आरामखुर्ची आणून ठेवली आणि रोज संध्याकाळी फोन करू लागलो. "जेवलो. बरं हाय," एवढे बोलून आबा थांबत. मग दुसऱ्याने फोन ठेवावा म्हणून आम्ही दोघेही वाट पाहत बसत असू.

त्यांचे हे एकटेपण मला सोसेना. यंदाच्या उन्हाळ्यात मी ठरवले, की त्यांना कायमचे आमच्या फ्लॅटवर आणायचे. त्यांच्या कपड्यांसाठी नवी बॅग घेतली आणि न कळवता सकाळीच काटेवाडीला पोहोचलो. दाराला कुलूप होते. शेजारच्या वहिनींनी गोठ्यातूनच हात केला, "डेअरीवर बघा!"

डेअरीवर दुधाची रांग लागली होती. रांगेत आबा उभे होते; इस्त्रीचा सदरा, टोपी आणि हातात भरलेली किटली.

"आबा, दूध कुणाचं?" मी गोंधळून विचारले.

आबा किटलीच्या झाकणाशी चाळा करू लागले. उत्तर दिले त्यांच्यामागे उभ्या असलेल्या, त्यांच्याच वयाच्या तात्यांनी. "तुमाला ठावं न्हाय व्हय, सायेब? आबा बिनगाईचे गवळी हायेत! दूध शेजाऱ्याचं, किटली शेजाऱ्याची. फॅट कमी लागली की भांडान तेवढं आबांचं."

"भांडू नको तर काय करू?" आबा उसळले. "काल दूध कसं घट्ट हुतं!"

"आवं, दूध घालाय येता का वकिली कराय?"

सगळी रांग हसली आणि आबाही हसले. ते हसणे मी आई गेल्यापासून ऐकले नव्हते. दूध मोजून झाले तरी कोणी घरी गेले नाही. ओट्यावर चहा आला, कुणाच्या सुनेला मुलगी झाल्याचे कळले, कुणाच्या उसाला तोड आल्याचे. आबांना सगळ्यातले सगळे ठाऊक होते.

परत येताना मी किटली घेऊ लागलो, तर त्यांनी ती दिली नाही. खाली पाहत म्हणाले, "मीच मागून घेतली. रिकाम्या हातानं तितं कसं जायाचं? लोकं म्हणतील, म्हातारा उगंच बसाय येतोय."

मी आणलेली बॅग गाडीतून बाहेर काढली नाही. जे पूर्वीच विचारायला हवे होते, ते त्या दिवशी विचारले. "आबा, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी किटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "तांबडीला बघून येऊ का? येली आसंल, वासरू बी दिसंल."

पळसदेवला धरणाचे पाणी ओसरून जुने देऊळ उघडे पडले होते. एरवी तिथे थांबणाऱ्या आबांनी तिकडे पाहिलेही नाही. थेट गोठ्यात शिरले, तांबडीची मान खाजवली आणि तिच्याजवळच्या कालवडीचे तोंड दोन्ही हातांनी वर केले.

"हाय! चांद हाय!"

गाईचा नवा मालक हात जोडून म्हणाला, "आबा, गाय न्हाय द्यायची, पोरं खातील मला. कालवडीचं दूध सुटलं की फोन करतो, तवा न्या. आजोबाचा हक्क हाय तुमचा."

त्याने शब्द पाळला. कालवड टेम्पोत चढवली तेव्हा आबा माझ्या गाडीत बसेनात. तिच्याशेजारीच वैरणीवर बसले. वाटेत चहाला थांबलो, तर टेम्पोतून त्यांचा आवाज ऐकू आला. "तुझ्या पणजीच्या टायमाला ह्येचं लगीन झालं. लई लाजत हुता बग." पन्नाशी उलटलेला मी चहाचा ग्लास घेऊन पुन्हा लाजलो.

कालवड दूध द्यायला अजून अवकाश आहे. तोवर आबा शेजाऱ्याचीच किटली नेतात. "हिचं दूध येईस्तवर टिकताय का, आबा?" असे तात्या डिवचतात. "टिकायला लागतंय आता," असे आबांचे उत्तर असते.

काल संध्याकाळी मी फोन केला. "जेवलात का?" एवढेच विचारून झाले होते.

"आरं, ठेव आता. तिला वैरण टाकायची हाय," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला अजून पुष्कळ विचारायचे आहे. उद्या थोडा लवकर फोन करावा लागेल.