भिंत वाकडी की लेन्स?

नवी लेन्स घेतली की बॉक्समध्ये वॉरंटी कार्ड असतं, लेन्स ठेवायची पिशवी असते आणि तळाशी कुठेतरी एक किस्साही असतो. निदान आमच्या रत्नागिरीतल्या मंडळींच्या बॉक्समध्ये तरी तो निघतोच!

मंडळी म्हणजे आम्ही तिघं. नंदूकाका, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. सलीमभाई, बरीच वर्षं आखातात जहाजांची इंजिनं दुरुस्त करून आता घरी परतलेले. आणि मी मेघा, मेडिकल स्टोअर चालवते आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांमागे फिरते. लेन्स ऑनलाइन मागवायची, आणि ती परत करायची मुदत थोडकीच. म्हणून कुणाचीही आली की तिघांनी मिळून तपासायची. सलीमभाई म्हणतात, "पापलेटाचे कल्ले उघडून बघतो ना आपण? ही तर त्याहून महाग!"

* * *

इंटरनेटवर सगळे सांगतात, विटांच्या भिंतीचा फोटो काढा. रेघा सरळ आल्या की लेन्स चांगली. आता रत्नागिरीत उघड्या विटांची भिंत आणायची कुठून? इथे जिकडेतिकडे जांभ्या दगडाचा चिरा!

शेवटी नंदूकाकांनी शेजारच्या आळीत गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत शोधली. ट्रायपॉड लावला, फोटो काढला. उजवी बाजू सरळ, डावीचं मात्र पोट सुटलेलं!

"गेली! ही परत पाठवायची," काका हिरमुसले.

तेवढ्यात घरमालक बाहेर आले. "मोजणीवाले काय तुम्ही?"

त्यांना सगळं समजावून सांगितलं. मग मला सुचलं, कॅमेरा उलटा धरून बघू. दोष लेन्सचा असेल तर फुगवटा दुसऱ्या बाजूला जाईल. काढला. फुगवटा जागचा हलला नाही!

घरमालकांनी स्क्रीन बघितला आणि आत वळून ओरडले, "अगो, ऐकलंस का? भिंत फुगलीय म्हणून मी कधीपासून सांगतोय! आता मशिनीतपण आलं!"

मग काकांना म्हणाले, "ह्याची एक कॉपी द्या. गवंड्याला दाखवायचीय."

* * *

भिंतींवरचा विश्वास उडाल्यावर काकांनी पुढच्या लेन्सच्या वेळी कपाटाच्या दारावर त्या दिवशीचा पेपर चिकटवला. बारीक अक्षरं कोपऱ्यातसुद्धा वाचता आली पाहिजेत, ही परीक्षा.

काका फोटो मोठा करून कोपरा वाचायला लागले. "'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' वा! काय शार्प आहे! अनुस्वारसुद्धा सुटत नाही!"

आणि एकदम चष्मा काढून पुसायला लागले.

"काय झालं काका?"

"अगं, हा आमचा अण्णा. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचा."

"पण सकाळी पेपर वाचलात ना तुम्ही?"

"पहिलं पान वाचलं गं."

कॅमेरा तसाच ठेवून आम्ही निघालो. अंत्ययात्रा निघायच्या आत काका पोचले. परत येताना काका म्हणाले, "अण्णाच्या चित्रांतले कोपरे असेच स्वच्छ असायचे."

* * *

माझ्या लेन्सचा संशय वेगळा होता. फोकस करावा एका ठिकाणी आणि स्पष्ट यावं त्याच्या मागचं! ही चाचणी करायला एकामागे एक मांडलेल्या वस्तू हव्यात. मी गेले मासळी बाजारात. एका मावशींच्या पाटीत बांगडे छान ओळीने लावलेले. मधल्या बांगड्याच्या डोळ्यावर फोकस केला. मग पुढच्याच्या. मग पुन्हा मधल्याच्या.

मावशी बघत होत्या, बघत होत्या...

"काय गो बाय, घेत्येस का नुस्ती बघत्येस?"

"मावशी, डोळा स्पष्ट दिसतोय का ते बघत्येय."

"तुझा का बांगड्याचा?"

आजूबाजूच्या सगळ्या जणी हसल्या! लेन्स ठीक निघाली. बांगडे घ्यावेच लागले.

* * *

त्यानंतरच्या लेन्सच्या आत टॉर्च मारून बघितलं तर एक बारीक ठिपका.

"धूळ," मी म्हटलं.

सलीमभाई डोळा लावून बसले. "मेघाताई, धूळ चालते का?"

आत किडा होता! जिवंत! मी कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, डिफेक्ट काय आहे?"

"काचेच्या आत किडा आहे."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग विचारणा, "आमच्याकडून आलाय, की नंतर गेलाय?"

आता हे किड्यालाच ठाऊक! दुसऱ्या दिवशी बघितलं तर लेन्स स्वच्छ. वाट कुठून सापडली त्याला, ते आम्ही अजून शोधतोय.

* * *

आणि ही सलीमभाईंच्या टेली लेन्सची गोष्ट. पूर्णगड त्यांची सासुरवाडी. सकाळी तिथल्या किल्ल्यावर उभं राहून आम्ही समुद्रावर लेन्स लावली. काही लेन्समध्ये उजळ पांढऱ्या वस्तूच्या कडेला जांभळी रेघ उमटते, आणि सलीमभाईंना तिचीच धास्ती.

खूप लांब एक होडी होती. फोटो काढले, मोठे करून बघितले. होडीवर एक पांढरा ठिपका आणि त्याच्या कडेला स्पष्ट जांभळी रेघ!

"झालं! परत करायची," सलीमभाई म्हणाले.

नंदूकाका मात्र फोटो पुढेमागे करत राहिले. "थांबा. ठिपका मघाशी होडीच्या डावीकडे होता. आता उजवीकडे कसा?"

सलीमभाईंनी फोटो आणखी मोठा केला. ठिपक्याखाली एक हात होता.

"या अल्ला! माणूस कापड हलवतोय!"

ते धावतच खाली गेले. त्यांचा मेव्हणा नुकताच मासे घेऊन परतला होता. हातातला चहा ठेवून त्याने बोट पुन्हा पाण्यात घातली. मी वरून लेन्समधून बघत फोनवर त्याला दिशा सांगत होते. मधेच कापड हलायचं थांबलं. माझी नजर कापडाच्या जागीच खिळली. काका हळूच म्हणाले, "सांगत राहा. होडी तर दिसतेय ना?"

होडी ओढून आणली तेव्हा अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. दोघे भाऊ होते. आदल्या दिवशी इंजिन बंद पडलेलं, मोबाइल पाण्यात गेलेला. थोरल्याचे ओठ फुटले होते. त्याने सलीमभाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. सलीमभाईंच्याही डोळ्यांना धार लागली.

तो पाणी प्यायला, जरा सावरला. मग सलीमभाईंनी अगदी अदबीने विचारलं, "भाऊ, एक विचारू? ते कापड कुठाय?"

त्याने गळ्यात गुंडाळलेला पंचा काढून त्यांच्या हातात दिला. सलीमभाईंनी तो उन्हात उलगडून धरला. पांढराशुभ्र. काठ जांभळा.

"मेघाताई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लेन्स ठेवतो!"