मेलेल्या मुंगीचा वास

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पोरांना वाटतं, मुंगी लई शहाणी. म्हटलं, थांबा, दाखवते तिचं शहाणपण.

प्रयोगशाळेमागच्या भिंतीत काळ्या मुंग्यांचं बीळ आहे. मेलेल्या मुंगीला दोन दिवसांनी एक वास सुटतो. आपल्याला येत नाही, त्यांना येतो. मी अशा मेलेल्या मुंग्या थेंबभर स्पिरिटमध्ये चुरडल्या आणि तो अर्क ब्रशानं एका जिवंत मुंगीला लावला. दुसरीला नुसतंच स्पिरिट. दुसरी सुखानं बिळात गेली. पहिलीला मात्र दारातच एकीनं धरलं आणि जिथं त्या आपली मेलेली टाकतात, त्या ढिगावर नेऊन टाकलं. पाय झाडत होती बिचारी. उठून परत आली. परत नेली. पोरं आधी हसली, मग वाकून बघायला लागली.

माझी भाची तेव्हा माझ्याकडंच राहून त्याच वर्गात शिकत होती. ती चिडली. "मावशी, ती चालतीय की! ह्यांना दिसत न्हाय व्हय?"

"दिसण्याचा संबंधच नाही. वास आला की उचलायचं, हे त्या जन्मतःच घेऊन येतात. कुणी शिकवत नाही." वर्गात उत्तर द्यायला काय जातंय!

भाची पदवीला असताना तिचे वडील गेले, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ट्रकनं उडवलं. आणि परवा वळसंगला भाचीचं लग्न झालं.

हळदीला सवाष्णी पाटाभोवती बसल्या आणि बहीण स्वयंपाकघराच्या दारात. मी म्हटलं, "पहिली हळद आई लावणार."

बहिणीची नणंद कडाडली, "काय बोलताय ताई? शुभकार्य हाय. तिनं लांबनंच बघावं की."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "नवरा मेलाय, ती मेली न्हाय!" एवढी ओरडले की मांडवातली हलगी थांबली. मुंग्यांचं एक ठीक होतं, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

नणंदेनं तोंड फिरवलं. मी बहिणीला हाताला धरून पुढं आणलं. "नको गं आक्का," ती पुटपुटत होती. पण वाटीत बोटं बुडवली आणि तिचा चेहरा असा उजळला, नवरा गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. हात लेकीच्या गालाशी गेला. आणि भाचीनं मान मागं घेतली.

जराशीच. लगेच सावरली, "लाव की आई," म्हणाली, गाल पुढं केला. पण बहिणीनं हात आवरला होता. बोटांची हळद पदराला पुसली, वाटी नणंदेच्या हातात दिली. "आचाऱ्याला तेल काढून द्यायचंय," म्हणत आत गेली.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, तरी ती बाहेर आली नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं.