निकाल आपल्या बाजूने

चाकणच्या एका कंपनीत मी तपासणीचं काम करते. तयार झालेला माल आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्याच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघते आणि शिक्का मारते. गेज आत गेला तर माल पास, अडला तर नापास. मधलं काही नसतं. बारा वर्षं हेच करत आले, त्यामुळे असेल, पण जगाकडेही मी तसंच बघायला लागले होते. कंपनीतले लोक मागून मला खडूस म्हणतात. ते फार चुकत नाहीत.

माझ्या टेबलाला लागूनच पॅकिंग होतं आणि तिथे एक मावशी होत्या. जवळच्याच गावातल्या, जुन्या शेतकरी घरातल्या. नवरा लवकर गेला, मागे एक मुलगी. मुलगी ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होती आणि हे वाक्य मावशी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायच्या. ठेकेदाराकडून लागलेल्या, म्हणजे कायम नव्हत्या. पण माझ्या गेजने सोडलेली काठावरची बारीक खरखर त्यांच्या अंगठ्याला कळायची. "मॅडम, हे पोरगं ओरबाडतंय बगा," म्हणत तो भाग माझ्यापुढे ठेवायच्या. मला राग यायचा आणि दर वेळी त्यांचंच बरोबर निघायचं.

आमच्या लाइनवर एकच वस्तू बनायची. परदेशातल्या एका ट्रॅक्टरच्या पंपाचं पोलादी झाकण, तळहाताएवढं. भोकं इंचाच्या मापातली. त्या एका देशाबाहेर ते कशालाही बसत नाही. मावशी प्रत्येक झाकणाला तेल लावायच्या, गंज धरू नये म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या कागदात गुंडाळायच्या आणि लाकडी खोक्यात रचायच्या. ती खोकी जहाजाने जायची.

मग त्या देशाने आपल्याकडच्या अशा मालावर भलताच कर बसवला. कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं. पंपाच्या झाकणाने कुणाची सुरक्षा कशी धोक्यात येते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिकडच्या गिऱ्हाइकाने कळवलं, तयार माल तुमच्याकडेच ठेवा, कर उठला की लगेच उचलू. दोन्ही देशांमध्ये व्यापाराचा करार होता आणि करारात असा कर बसवायला मनाई होती. वाद झाला तर तिऱ्हाईत पंचांचं मंडळ निर्णय देईल आणि दोघेही तो मानतील, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. आपल्या सरकारने तक्रार केली. आमची खोकी शेडमध्ये एकावर एक चढत गेली आणि आम्ही वाट बघायला लागलो.

त्याच दिवसांत मावशींना दुसरीकडून विचारणा आली. खाण्याच्या पाकिटांची कंपनी, त्यांच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि सहा महिन्यांनी कायम करणार. अट एकच, वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. मावशींना चव्वेचाळिसावं सरत आलेलं. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. मी इंग्रजी वाचते, पेपर वाचते, म्हणून मला विचारायला.

"मॅडम, जाऊ का ऱ्हाऊ?"

मी म्हटलं, आठवडाभर थांबा, निकाल येतोय.

आणि निकाल आला. पूर्णपणे आपल्या बाजूने. साहेबांनी पेढे मागवले. मी कँटीनमध्ये बाकावर उभी राहून मोबाइलवरून एकेक ओळ वाचली आणि मराठीत समजावून सांगितली. कर बेकायदा आहे, तो काढून टाकावा, इतकं साधं होतं. टाळ्या पडल्या. आयुष्यात मला कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे मीही जरा चढलेच.

मावशींनी पेढा पदरात बांधला, मुलीसाठी. मग म्हणाल्या, "निकाल लागला ते ब्येस झालं. पन ताबा कवा?"

त्यांच्या सासरची जमिनीची केस होती. सासऱ्यांनी घातलेली, दिरांच्या काळात निकाल लागला, तोही यांच्या बाजूने. चुलतभावकी मात्र अजून तीच जमीन कसत होती. मोजणीवाले आले की गावातली माणसं आडवी येत, पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. निकालाचा कागद मावशींच्या घरी ट्रंकेत होता आणि जमिनीत दुसऱ्याचा कांदा.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "मावशी, देश म्हणजे काय भाऊबंद आहेत का? सगळ्या जगासमोर सह्या केल्यात त्यांनी. तहसील कचेरी नाही ही."

"व्हय?"

"हो. मी सांगते ना."

"मग ऱ्हाते मी. तुमी म्हनता तर ऱ्हाते." त्यांनी त्या पाकिटांच्या कंपनीला नाही म्हणून कळवलं.

माझ्या या खात्रीला घरचं वळण होतं. आम्ही थेरगावला राहतो. वडील जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात राबले. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी संविधानाची प्रस्तावना लावलेली आहे आणि लहानपणी शाळेला निघताना ती आम्हाला मोठ्याने वाचायला लागायची. आमच्या आजोबांना गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं आणि मी शिक्का मारणारी झाले, हे कशामुळे, तर कुणीतरी नियम लिहिला आणि तो लागू झाला म्हणून. आमच्या घरात लिहिलेल्या शब्दावर अविश्वास दाखवणं म्हणजे जेवत्या ताटाला लाथ मारण्यासारखं. त्या संध्याकाळी वडिलांना निकालाचं सांगितलं तर ते म्हणाले, "लागणारच. कायदा आहे." आम्ही दोघांनी चहा घेतला. मला फार बरं वाटलं होतं.

महिन्याभराने त्या देशाने जाहीर केलं की हा निकाल आम्हाला मान्य नाही. आमच्या सुरक्षेचं काय ते आम्ही ठरवू, पंचांनी त्यात पडू नये. वर पुढच्या मंडळाकडे अपीलही केलं. म्हणजे मान्य नाही तेही आणि दाद मागणार तेही. मावशींच्या भावकीने अगदी हेच केलं होतं.

पिवळ्या कागदाची ताकद सहा महिने टिकते. तितके झाले की खोकी उघडायची, प्रत्येक झाकण रॉकेलने धुवायचं, पुसायचं, मी पुन्हा तपासायचं, मावशींनी पुन्हा तेल लावून नव्या कागदात गुंडाळायचं. माल जाणार असेल तर तो जायच्या लायकीचा राहिला पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता आणि मला तो पटलेला होता. पहिल्या वेळी आम्ही हे काम उत्साहाने केलं. दुसऱ्या वेळी गप्पा मारत केलं. तिसऱ्या वेळी कुणी बोललं नाही. तीच झाकणं, तीच भोकं, गेज घातला की सरळ आत. हजारो वेळा पास, पास, पास. इतका चोख माल मी बारा वर्षांत पाहिला नव्हता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मधे अपिलाचा निकाल लागला. पुन्हा आपल्याच बाजूने. या वेळी पेढे आले नाहीत. त्या देशाचा एक माणूस टीव्हीवर हसत हसत सांगत होता, आम्ही आमच्या भूमिकेवर ठाम आहोत. मला इतका संताप आला की मी रिमोट आपटला. वडिलांनी तो उचलून ठेवला. नंतर त्यांनी हळूच विचारलं, "मग जप्ती कोण आणतं? कुणीतरी असेल ना?"

ते शोधायला म्हणून मी रविवारी बसून अख्खा करार वाचला. वकिली इंग्रजी, एकेक वाक्य पानभर. शेवटी सापडलं. हरलेल्या देशाने निकाल मानलाच नाही, तर जिंकलेल्या देशाने त्याच्या मालावर तितकाच कर बसवावा. बस. ना जप्ती, ना पोलीस. तीनशे पानांच्या शेवटी एवढंच होतं आणि मी मावशींना थांबवण्याआधी ते वाचलं नव्हतं. टेबलावर आलेला भाग गेज न लावता मी कधी पुढे सोडला नाही. हा मात्र नुसत्या ऐकीव भरवशावर पास करून टाकला होता.

सोमवारी मी मावशींना ते सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण सांगितलं. त्या तेलाचा हात पुसत ऐकत होत्या.

"म्हंजी त्येंनी आपला बांध कोरला, तर आपन त्येंची म्हस आडवायची," त्या म्हणाल्या. "बांध ऱ्हातो कोरलेलाच."

"हो."

"मग आमच्या भावकीत नी त्येंच्यात काय फरक?"

त्यांनी पुढचं झाकण उचललं.

चौथ्यांदा खोकी उघडली ती गुंडाळायला नव्हे. गिऱ्हाइकाने दुसऱ्या देशात सोय करून घेतली होती आणि साहेबांनी लाइन बंद करायचं ठरवलं. सगळा माल भंगारात जाणार होता. पण नियमाप्रमाणे चांगला माल भंगारात टाकता येत नाही, तो आधी नापास व्हावा लागतो. म्हणजे मी लाल टॅग लावायचा आणि टॅगवर कारण लिहायचं. मॅनेजर म्हणाले, गंज लिहा. मी म्हटलं, गंज नाहीये. ते म्हणाले, मग तुम्हाला सुचेल ते लिहा, पण आज संपवा. ते वाईट माणूस नाहीत, त्या दिवशी त्यांचाही चेहरा पडला होता.

मी गंज लिहिलं. दोन दिवस तेवढंच लिहीत होते. मावशी समोर कागद सोडवत होत्या, त्यांनीच गुंडाळलेले. झाकण ड्रममध्ये पडलं की कानठळ्या बसायच्या. एकदा त्यांनी एक झाकण हातात धरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्ये खराब हाय का?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि ड्रममध्ये टाकलं.

त्याच आठवड्यात ठेकेदाराने पॅकिंगची माणसं कमी केली. मला दुसऱ्या लाइनवर घेतलं, कारण मी कायम होते. मी मावशींसमोरच त्या पाकिटांच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलत होती. वय विचारलं. मी शेहेचाळीस म्हणाले, तर तिचा सूर बदलला. मावशींना तो ऐकूही गेला असावा, कारण मी फोन ठेवायच्या आधीच त्यांनी डबा पिशवीत टाकला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "असू द्या. तुमी काय वाईट चिंतलं न्हाई." यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर कळलं, त्या बाजारसमितीत कांदे निवडायला जातात, रोजावर. मुलीने तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं आणि डांगे चौकातल्या एका कपड्यांच्या दुकानात लागली. मी तिकडून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जाते. हे लिहायला लाज वाटते, पण जाते.

गेल्या महिन्यात दुपारी मावशींचा फोन आला. आवाज मोठा, खूश. मागे टीव्हीचा गोंगाट.

"मॅडम, बातम्यात दावलं! परत आपनच जिंकलो म्हनं! तिसऱ्यांदा! खरं का?"

बातमी मीही वाचली होती. त्या देशाने कर तसाच ठेवला म्हणून आपण पुन्हा तक्रार केली होती आणि पंचांनी पुन्हा आपल्याच बाजूने निर्णय दिला होता. त्या देशाने त्याच संध्याकाळी तो फेटाळला होता.

"खरं आहे, मावशी. पण लाइन आता नाही. मशिनं विकली."

"त्ये म्हाइती हाय वो मला. कामाचं न्हाई इचारत." मग म्हणाल्या, "आमची पोर म्हनती, तू येडी, उगाच थांबलीस, चांगली नोकरी घालवलीस. तिला जरा तुमच्या तोंडानं सांगता का, का आपन जिंकलो व्हतो म्हनून?"

मला नाही म्हणता आलं नाही. फोन हातातून हातात गेला. मुलीचा आवाज आला, थकलेला, पण नीट.

"बोला."

मी तिला सांगितलं की तुझी आई वेडी नव्हती, निकाल खरोखरच आपल्या बाजूने लागला होता, तिन्ही वेळा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मग?"

मागे मावशी तिला विचारत होत्या, "काय म्हनल्या मॅडम? सांगितलं ना?"