दुसऱ्याच्या वावरातली पात

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं भडगावला जायचं, तर एसटीसाठी फाट्यापर्यंत पायी, आणि मधे नुसती शेतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी लेक सातवी पास झाली, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, सोबत असेल तर जाऊ दे, एकली नाही. तिच्या बरोबरीच्या पोरी घरी बसलेल्या. सोबत आणू कुठून?

सोबत होती, पण वस्तीत. धरणात गाव बुडालेली माणसं आमच्याशेजारी आणून बसवली होती. त्यांच्या वाट्याच्या जमिनीत दगडच जास्त, म्हणून सगळे आमच्याच लोकांकडे मजुरीला. तिथली एक पोर लेकीच्या वर्गात होती. दोघी आठवीला जाऊ लागल्या.

कपाशीतलं गवत काढायची निंदणी सुरू झाली आणि ती पोर यायची थांबली. लागलीच माझीही घरात. मला काही सुचेना. भाकर तव्यावर टाकायची नि दाराशी यायचं, तोवर ती करपलेली. शेवटी उठले आणि वस्तीत गेले.

तिच्या आईनं सांगितलं, शेतवाला म्हणतो मायलेकी जोडीनं या, नाहीतर येऊच नका. वस्तीवाल्यांना बोलावणं सगळ्यात शेवटी, अट मात्र आधी.

“अक्का, तिले शाळामा धाडी तं माले बी घर बसनं पडी.”

“तिनी पात मी धरस,” मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, थट्टा करते. पात म्हणजे निंदताना एकेका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. सगळ्या एका ओळीत बसून पुढं सरकतात.

घरी सासूबाई म्हणाल्या, आपल्या वावरात आपण बाया लावतो नि तू दुसऱ्याच्या बांधावर बसणार? बठ्ठं गाव हसी. हसू दे म्हटलं, पण रात्रभर कूस बदलत होते.

सकाळी खुरपं घेऊन त्या वावरात गेले. ओळीत बसलेल्या बाया बाजूला सरकल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. एक म्हणाली, पाटलीनबाई, गवत उपटा, कपाशी नको. मी खरंच दोन रोपं उपटली होती. सगळ्या हसल्या, मीही.

इतक्यात दोघी पोरी दप्तरं घेऊन रस्त्यानं निघाल्या. वस्तीवाल्या आईनं मान वर केली नाही, पण तिचं खुरपं थांबलं.

मग शेतवाला आला. नात्यानं माझा चुलत दीर. बघतच राहिला.

“वहिनी, तुम्ही?”

“जोडी मागितली होती ना, भाऊ. बघून घ्या.”

तो बांधावर उगाच इकडून तिकडं फिरला. जाताना वस्तीवालीला हळूच म्हणाला, उद्यापासून तू एकटी आली तरी चालेल. वहिनींना आणू नको.

त्याच्या वावरापुरतं झालं. पण निंदणी अजून कितीतरी शेतांत बाकी होती, आणि त्या शेतवाल्यांना मी वहिनी थोडीच लागत होते. घरी येऊन हात धुतले, खुरपं मात्र फडताळात टाकलं नाही. दाराशीच ठेवलं, चपलांजवळ.