सहा इंचांचं मनगट

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे कवळीवाले म्हणतात. ते दंततंत्रज्ञ आहेत, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि खोटे दात करून देतात. माझी वरची कवळी त्यांनीच केली आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे काही बोलतो त्याची थोडी जबाबदारी त्यांचीही आहे.

अंगाने माणूस इतका बारीक की शर्ट हँगरवर जास्त भरलेला वाटतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पाठ धरली म्हणून त्यांना पोहायला जायला सांगितलं. चार महिने ते तलावाच्या कठड्याला धरून पाय मारत होते. शेजारच्या पट्ट्यात सहा वर्षांच्या मुली त्यांना मागे टाकून जायच्या आणि वर विचारायच्या, काका, बुडताय का? पाचव्या महिन्यात त्यांनी तलावाची पूर्ण लांबी न थांबता पार केली. पलीकडे पोचले तेव्हा काठावर त्यांचे प्रशिक्षक उभे होते, आणि त्यांच्या हातात होतं एक जुनं पाणबुड्यांचं घड्याळ. काळी तबकडी, कडेला आकडे कोरलेलं, पाण्यात किती मिनिटं झाली ते मोजायचं फिरणारं कडं. कवळीवाल्यांनी धापा टाकत पहिलं वाक्य काढलं ते वेळ किती लागला असं नव्हतं. घड्याळ कुठलं, असं होतं.

त्या दिवसापासून त्यांना तसंच घड्याळ हवं झालं. नवं नको, साठ वर्षांपूर्वीचं, त्या काळी खरोखर समुद्रात जाणाऱ्या लोकांसाठी केलेलं. पैशाची सोय झाली होती. कशी झाली ते त्यांच्या बायकोला माहीत होतं, म्हणजे वावगं काही नसणार. ती मोटार चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांशेजारी बसून तिला घाबरायची सवय राहिलेली नाही.

अडचण मनगटाची होती. घेर सहा इंचांना थोडा कमी. बायकोच्या भावाकडे एक भलंमोठं घड्याळ आहे, ते त्यांनी एका रविवारी घालून पाहिलं. मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "भावोजी, हे तुम्ही घातलेलं नाही. ह्यानं तुम्हाला धरलंय."

दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. कवळीवाले मात्र तीस वर्षं एकच काम करत आलेत: समोरच्याच्या तोंडात नेमकं बसेल असं काहीतरी बनवायचं. त्यांनी दातांचा साचा घ्यायची पावडर पाण्यात कालवली, प्लास्टिकच्या मगात ओतली आणि डावा हात मूठ वळून आत घातला. साचा छान बसला. इतका छान की हात बाहेर येईना. बायकोने आधी फोटो काढला, नंतर पत्रा कापायची कात्री आणून प्लास्टिकचा मग कापला. साचा मात्र शाबूत निघाला. त्यात प्लास्टर ओतून त्यांनी स्वतःचं मनगट तयार केलं आणि ते आठवडाभर जेवणाच्या टेबलावर मूठ वळून उभं होतं. गॅसवाला आला तो पैसे न मोजताच गेला.

मी विचारलं, खरं मनगट जवळ असताना हे कशाला? ते म्हणाले, आपला हात आपल्याला वरून आणि फार जवळून दिसतो, लोकांना तीन फुटांवरून, बाजूने दिसतो. कवळीचंही तसंच आहे. हे ऐकून मी तोंड मिटलं.

याच सुमारास त्यांच्या मुख्य डॉक्टरांच्या कानावर गोष्ट गेली. कवळीवाल्यांचं निम्मं काम या डॉक्टरांकडून येतं. डॉक्टर उंच, धिप्पाड, आणि स्वतःला जुन्या घड्याळांतलं सगळं कळतं असं मानणारे. त्यांनी हातातलं घड्याळ काढून पुढे केलं. शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी केलेलं, तीन छोट्या तबकड्यांचं. म्हणाले, घरी नेऊन बघा, आवडलं तर तुम्हालाच देतो.

कवळीवाल्यांनी ते प्लास्टरच्या मनगटावर ठेवलं. पट्टा अडकवायची टोकं दोन्ही बाजूंना मनगटाबाहेर लोंबत होती. मग सवयीने त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पाहतच राहिले. आकडे पांढरेशुभ्र होते. कडा किंचित जाड, एका आठाचं पोट दुसऱ्या आठापेक्षा मोठं. सत्तरीतले लोक त्यांच्याकडे येऊन विशीतले दात मागतात, तेव्हा जे दिसतं तेच इथे दिसत होतं. तबकडी नंतर कधीतरी कोणीतरी नव्याने रंगवली होती.

त्यांनी ठरवलं, एवढंच सांगायचं की मोठं होतंय. ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन त्यांनी तसं सांगितलंही. डॉक्टर हसून म्हणाले की हरकत नाही, दुसरं गिऱ्हाईक बसलेलंच आहे. गिऱ्हाईक खरंच बाहेर बसलं होतं: एक निवृत्त शिक्षक, दाढ भरायला आलेले, जावयाला अस्सल जुनं घड्याळ द्यायचं म्हणून हरखलेले. त्यांची खालची कवळी कवळीवाल्यांच्या हातची होती. दाराच्या फटीतून त्यांचं हसू दिसत होतं.

कवळीवाले मला नंतर म्हणाले की त्या क्षणी त्यांना डोळ्यांसमोर आपलं कामाचं टेबल रिकामं दिसत होतं, आणि तोंड मात्र आपोआप उघडलं.

"डॉक्टर, मास्तरांना सांगा की तबकडी रंगवलेली आहे."

"कोण म्हणतं?"

"मी. रंगवलेलं मला कळतं. दुसरं काही येतच नाही मला."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पुढचे तीन आठवडे त्यांच्याकडून एक दातसुद्धा आला नाही.

काम नाही म्हणून वेळ होता. कवळीवाले प्लास्टरचं मनगट नॅपकिनात गुंडाळून, पिशवीत घालून जुन्या घड्याळांच्या दुकानात गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, भिंतभर खण, आणि कपाळावर भिंग सरकवून बसलेल्या एक साठीच्या बाई. घड्याळदुरुस्ती त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. पिशवीतून मूठ निघाली तशी बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. "लोक बायकोला घेऊन येतात, मित्राला घेऊन येतात," त्या म्हणाल्या, "हात वेगळा घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

पण कामाची गोष्ट त्यांना लगेच कळली. त्यांनी तीन घड्याळं काढली. पहिलं चाळीस मिलिमीटरचं. ते मेहुण्याच्या घड्याळाच्या जातीचं निघालं. दुसरं छत्तीसचं, सगळ्यांत लहान, कवळीवाल्यांनी मनात तेच धरलेलं. पण त्याची टोकं लांब आणि सरळ होती. मनगटावर ते नाल्यावर टाकलेल्या फळीसारखं बसलं, खालून उजेड दिसत होता. तिसरं सदतीसचं. आकड्याने मोठं, पण टोकं आखूड आणि खाली वळलेली, पाठ चपटी. प्लास्टरवर ठेवताच ते अंगचं असल्यासारखं बसलं. बाईंनी त्यांना दारापर्यंत मागे जाऊन बघायला लावलं. मग खऱ्या हातावर घालून, कोपर वाकवून, पुन्हा बघायला लावलं.

कडेला ओरखडे होते, पण कोपरे धारदार होते. म्हणजे कोणी घासूनपुसून चमकवलेलं नव्हतं. अंधारात चमकणारे तबकडीवरचे ठिपके चहाच्या रंगाचे झाले होते, त्यातला एक जरा जास्तच. कवळीवाल्यांनी भिंग लावलं आणि खूश होऊन म्हणाले, हे खरे दात आहेत. बाईंनी त्यांना जाड पट्टा घेऊ दिला नाही, एकेरी कापडाचा पातळ पट्टा लावला, म्हणजे घड्याळ उगाच उचललं जात नाही.

पैसे देऊन झाल्यावर बाईंनी सांगितलं की हे पाण्यात न्यायचं नाही.

"पाणबुड्याचं आहे ना?"

"तो पाणबुड्या आता कुठे आहे?" बाई म्हणाल्या. "साठ वर्षांचं झालंय. हात धुताना काढून ठेवा."

कवळीवाले दिवसातून चाळीस वेळा हात धुतात. उरलेला वेळ ते हात ओल्या प्लास्टरमध्ये असतात. तरीही ते हसतच घरी आले. मला हाक मारून जिन्यात उभं केलं आणि तीन फुटांवरून बघायला लावलं. मी पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा हात हातासारखा दिसत होता.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांकडून खोका आला. आत एका म्हातारबुवांच्या जबड्याचा साचा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: रंग वयाला शोभेल असा पिवळसर ठेवावा. बाकी एक अक्षर नाही. नंतर कळलं की डॉक्टर मधल्या काळात स्वतः त्या झेरॉक्सवरच्या खोलीत जाऊन आले होते, आणि तिथून बऱ्याच हळू पायऱ्या उतरले होते. मास्तरांच्या जावयाला पेन मिळालं. ते शर्यतीचं घड्याळ डॉक्टर अजून स्वतःच घालतात आणि कोणी चौकशी केली तर किती वाजलेत तेवढंच सांगतात.

कवळीवाल्यांचं घड्याळ महिनाभर ड्रॉवरमध्ये राहिलं. एका सोमवारी बायकोने विचारलं, पाण्यात नाही, प्लास्टरमध्ये नाही, मग हे घालायचं कधी? तिने ते हातात घातलं आणि कामावर गेली. तिचं मनगट त्यांच्यापेक्षा अर्ध्या इंचाने मोठं आहे, तेव्हा त्यांना कुरकूर करायला जागाच नव्हती.

आता अर्ध्या तासाचा वर्ग सुरू झाला की ती कडेचं कडं टकटक फिरवून लावते. शिकणाऱ्याला वाटतं, आपण अजून किती वेळ जिवंत राहू ते बाई मोजतायत, आणि तो ब्रेकवर पाय ठेवून चालवतो. ती म्हणते, इतके चांगले विद्यार्थी तिला आजवर मिळाले नव्हते.