अंगठा पायपात आणि फोन तिच्या घरी

मित्रांनो, आमच्या धाराशिवात नळाला पाणी आठवड्यानं येतं. आज आमच्या गल्लीची पाळी होती आणि मी आजच नवा नळ बसवायला घेतला.

आई म्हणाली, "प्लंबरला बोलव." पण प्लंबर म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. "सोडलेलं कॉलेज आधी पुरं कर," असं ती म्हणाल्यापासून आमचा अबोला आहे. मी कशाला बोलवतो?

नळ बसला, पण जरा गळत होता. मी चिडून पान्यानं आणखी पिळला. नळ मोडून हातात आला, अर्धा तुकडा पायपातच अडकला आणि तेवढ्यात पाणी आलं! अंगणात नुसतं कारंजं. मी अंगठा दाबून बसलो.

आई ओरडली, "आता आठवडाभर काय पिणार रं? तुझी अकड?"

मी मान खाली घातली. आईनं प्लंबरकाकांना फोन लावून माझ्या कानाला धरला. उचलला तिनंच. मी एका दमात सगळं सांगितलं.

"अंगठा काढू नको. बाबांना पाठवते," एवढंच बोलली. पण हसत होती, शपथ!

काका आले, तुकडा काढला, नळ बसवला. टाकी भरली. जाताना म्हणाले, "हातात जोर लई हाय तुझ्या. उद्या ये माझ्यासंगं, कुठं थांबायचं ते शिकवतो."

जाणार आहे. आणि तुम्हीही मोडायच्या आधी फोन करा, राव.

आत्ताच तिचा मेसेज आलाय, "अंगठा कसाय?"

सांगा, काय लिहू?