दोन बरण्यांतले लाल किडे

म्हातारी गेल्यावर चुलीमागच्या कोनाड्यात तिच्या लुगड्याची चिंधी सापडली. आत दोडक्याच्या तीन बिया. दरसाल ती बी राखून ठेवायची. औंदा मी परसात लावलं. तिन्ही उगवल्या. दोन वेल लाल किड्यांनी पार खाऊन मारले. राह्यला एक. तो गेला तर तिचं बी संपलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. जन्मभर कपाशीवर फवारे मारले. किडा दिसला की मारायचा, एवढंच ठाऊक. तीन दिवस वेलावर दिसेल तो लाल किडा बोटानं चिरडला. चौथ्या दिवशी बघतो तर पानांखाली माव्याचे बारीक किडे, सगळं चिकट.

औषधासाठी जुन्या जालन्यात गेल्तो. दुकानदारानं विचारलं, किडा कोणता. मी म्हणलं, लाल. तो म्हणे, लाल तर मिरचीबी असते. राग आला. तसाच परत आलो.

घरी चष्मा लावून वेलाजवळ बसलो. लाल किडे दोन जातीचे निघाले. एक लांबट, नारंगीवर गेलेला, बिनठिपक्याचा. दुसरा मसुरीच्या डाळीसारखा गोल, चकचकीत, काळ्या ठिपक्यांचा. ठिपकेवाल्याला हात लावू नका, असं म्हातारी सांगायची. मी म्हणायचो, तुझा काय भाऊ लागतो का तो. का लावू नये, ते कधी विचारलं न्हाई.

आता विचारायला ती न्हाई. मंग तिच्याच काचेच्या दोन बरण्या काढल्या. एकीत लांबट, एकीत ठिपकेवाला. दोन्हीत मावा लागलेलं पान टाकलं, तोंडाला फडकं बांधलं.

सून म्हणाली, "मामा, किड्यांचं लोणचं घालून राह्यले का?"

"हो. तुलाच वाढतो आधी."

दुसऱ्या दिवशी लांबट्याच्या पानाला भोकं, मावा तसाच. ठिपकेवाल्याचं पान शाबूत, मावा जवळजवळ साफ. म्हणजे तीन दिवस मी राखणदारबी मारले होते.

त्या दिवसापासून पानावर दहिवर असतानाच राख चाळून उधळायला लागलो, म्हातारी उधळायची तशी. लांबटे वेचून साबणाच्या पाण्यात बुडवले. ठिपकेवाले शेतातल्या चवळीवरून डबीत आणून वेलावर सोडले. गुडघे दुखले. दुखू दे म्हणलं.

वेल मांडवावर चढला. पहिला दोडका लागला तशी सून विळी घेऊन आली.

"हा जून होऊ दे," मी म्हणलं.

"मंग भाजी कशाची करू?"

"दुसरा येईल त्याची."

आता तो वेलावरच वाळलाय. हलवला की आत बी वाजतं. चिंधी धुऊन ठेवली आहे.